वाचकांचे प्रश्न : मॅक्नामारा यांना कधी कळले आणि त्यांनी कधी सांगितले?

मागील अंकातील व्हिएतनाम युद्धावरच्या (कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामविरुद्ध अमेरिका दक्षिण व्हिएतनामच्या बाजूने लढली ते युद्ध) लेखात अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांचा उल्लेख ओझरता आला होता. त्या एका उल्लेखावरून आलेली पत्रे मूळ विषयावरच्या पत्रांपेक्षा अधिक निघाली, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लेखात मॅक्नामारा यांना एके ठिकाणी ‘संरक्षण सचिव’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘संरक्षणमंत्री’ म्हटले आहे. नेमके पद कोणते? आणि मोटारींच्या कारखान्यातला माणूस थेट या पदावर कसा पोहोचला? (एक निवृत्त शिक्षक)

पद एकच आहे. दोन शब्द वापरून घोटाळा आम्ही केला. भारतात संरक्षण सचिव हा मंत्र्याच्या हाताखालचा वरिष्ठ सनदी अधिकारी असतो. अमेरिकेतील ‘सेक्रेटरी ऑफ डिफेन्स’ हा मात्र अध्यक्षांच्या मंत्रिमंडळाचा सदस्य असतो आणि सैन्यदलांच्या प्रमुखांवरही त्याचा अधिकार चालतो, त्यामुळे मराठीत संरक्षणमंत्री हाच शब्द योग्य. फरक एवढाच की तो लोकांमधून निवडून आलेला नसतो. अध्यक्ष त्याची नेमणूक करतात आणि सिनेट तिला संमती देते. त्याला स्वतःचा मतदारसंघ नसतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण राजीनाम्याच्या प्रश्नाकडे वळल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

मॅक्नामारा यांचा जन्म ९ जून १९१६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. वडील पादत्राणांच्या एका घाऊक व्यापारी पेढीत विक्री व्यवस्थापक होते. बर्कली येथे अर्थशास्त्राची पदवी आणि हार्वर्डमध्ये १९३९ साली व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर त्यांनी वर्षभर हिशेब तपासणीच्या पेढीत काम केले आणि मग ते हार्वर्डमध्येच शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलाच्या सांख्यिकी विभागात दाखल झाले. किती विमाने उडाली, किती परतली, किती इंधनात किती बाँब लक्ष्यावर पडले, याचा ताळा मांडणे हे त्या विभागाचे काम होते. जपानवर बाँबफेक करणाऱ्या बी-२९ विमानांच्या कामगिरीचे विश्लेषण करताना त्यांचा संबंध जनरल कर्टिस लमे यांच्याशी आला. ९ आणि १० मार्च १९४५ च्या दरम्यानच्या एकाच रात्री टोकियोवर आगलावे बाँब टाकून सुमारे एक लाख माणसे मारली गेली, ती मोहीम लमे यांची. आपण युद्ध हरलो असतो तर आपल्या सर्वांवर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते, असे लमे म्हणाले होते, आणि ते बरोबरच होते, असे मॅक्नामारा यांनी वयाच्या ८५ वर्षांनंतर चित्रित झालेल्या एका मुलाखतीत सांगितले.

युद्ध संपल्यावर त्या विभागातील दहा तरुण अधिकाऱ्यांनी आपली तुकडी एकत्रच फोर्ड कंपनीला देऊ केली. कंपनी तेव्हा तोट्यात होती आणि तिच्याकडे धड हिशेबही नव्हते. मॅक्नामारा तेथे पायरी पायरीने चढत गेले आणि नोव्हेंबर १९६० मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. त्या काळात त्या खुर्चीवर फोर्ड घराण्याबाहेरचा माणूस बसणे ही मोठी बातमी होती. जेमतेम पाच आठवडे लोटले असतील, तोच अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या केनेडी यांच्याकडून विचारणा झाली : अर्थखाते किंवा संरक्षणखाते, हवे ते घ्या. अर्थखाते त्यांनी नाकारले. संरक्षणाच्या बाबतीत आपण त्या कामाला पात्र नाही असे त्यांनी आधी सांगितले आणि मग, खात्यातील माणसे मी निवडेन, या अटीवर होकार दिला. २१ जानेवारी १९६१ ते २९ फेब्रुवारी १९६८ अशी सात वर्षे ते त्या पदावर राहिले. इतका दीर्घकाळ ते पद दुसऱ्या कोणीही सलग भूषवलेले नाही.

प्रश्न : आम्हाला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात मॅक्नामारा यांचे नाव आदराने शिकवले जाते. पेंटॅगॉनमध्ये (अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या मुख्यालयात) त्यांनी केलेल्या सुधारणा खरोखरच मोलाच्या होत्या का? (व्यवस्थापनशास्त्राची एक विद्यार्थिनी)

होत्या, आणि हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण व्हिएतनामच्या सावलीत हा भाग झाकला जातो. ते येण्यापूर्वी भूदल, नौदल आणि हवाई दल आपापला अर्थसंकल्प वेगळा मांडत असत आणि एकाच कामासाठी तिघांची तीन वेगळी हत्यारे तयार होत. मॅक्नामारा यांनी प्रश्नच बदलला. हवाई दलाला किती पैसे, असे न विचारता, अणुहल्ला रोखण्याच्या कामासाठी एकूण काय लागते आणि ते कोणी केले तर स्वस्त पडते, असे ते विचारू लागले. चार्ल्स हिच आणि अॅलन एन्थोव्हेन या अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांनी पाच वर्षांचा आराखडा पुढे ठेवून खर्च मांडण्याची पद्धत बसवली, आणि तीच पद्धत थोड्या बदललेल्या नावाने पुढे अनेक दशके पेंटॅगॉनमध्ये चालत राहिली. प्रचंड खर्चाचे बी-७० हे बाँबफेकी विमान त्यांनी रोखले. भूमिगत मिनिटमन क्षेपणास्त्रांची हवाई दलाची मागणी कितीतरी मोठी होती, ती त्यांनी १,००० वर थांबवली. सोव्हिएत संघ क्षेपणास्त्रांत अमेरिकेच्या पुढे गेला आहे ही ओरड तर केनेडी यांच्या निवडणूक प्रचारातलीच होती. तसे काही नाही, हे मॅक्नामारा यांनी पदावर आल्यावर काही आठवड्यांतच वार्ताहरांना सांगून टाकले आणि स्वतःच्याच सरकारची पंचाईत केली.

सगळेच साधले असे नाही. हवाई दल आणि नौदल या दोघांनी मिळून एकच लढाऊ विमान वापरावे, हा त्यांचा आग्रह कागदावर चोख होता. परंतु धावपट्टीवरून उडणारे विमान आणि जहाजाच्या डेकवर उतरणारे विमान यांच्या गरजा इतक्या भिन्न की एफ-१११ ची नौदलासाठीची आवृत्ती १९६८ साली रद्द करावी लागली. आपल्या अभ्यासक्रमात हे उदाहरण नसेल, तर ते आपण वर्गात जरूर मांडावे.

प्रश्न : क्यूबाच्या पेचप्रसंगात त्यांची भूमिका काय होती? (एक महाविद्यालयीन वाचक)

थोडक्यात सांगायचे तर ती संयमाची होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडल्यावर सेनाप्रमुखांचा कल हल्ल्याकडे होता. मॅक्नामारा यांनी समुद्रातील नाकेबंदीची बाजू लावून धरली. नाकेबंदी कशी अमलात आणायची यावरून त्यांचा नौदलप्रमुख अॅडमिरल जॉर्ज अँडरसन यांच्याशी नौदलाच्या नियंत्रणकक्षात खटका उडाला. सोव्हिएत जहाज थांबले नाही तर नेमके काय करणार, हे त्यांना ऐकायचे होते. हा आरमाराचा प्रश्न आहे, आम्ही तो हाताळू, असा अँडरसन यांचा रोख होता. माझ्या परवानगीशिवाय एकही गोळी सुटणार नाही, असे मॅक्नामारा यांनी बजावले. तीस वर्षांनी, जानेवारी १९९२ मध्ये, हवाना येथील परिषदेत त्यांना समजले की हल्ला झाला असता तर वापरता येतील अशी छोटी अण्वस्त्रे त्या वेळी बेटावर आधीच येऊन पोहोचली होती, आणि ती वापरावीत अशीच शिफारस क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांनी केली असती. उतारवयात त्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध जे अखंड लिहिले, त्यामागे हवानातला हा धक्काही होता.

प्रश्न : टॉन्किनच्या आखातातील हल्ल्याबाबत मॅक्नामारा खोटे बोलले का? (तीन वाचकांचा प्रश्न)

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे सोपे आहे, पण घटनाक्रम पाहिल्यावर जे दिसते ते मला साध्या खोटेपणापेक्षा अधिक गंभीर वाटते.

२ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ ‘मॅडॉक्स’ या अमेरिकन विनाशिकेवर टॉर्पेडो नौकांनी हल्ला केला. हा हल्ला खरा होता. ४ ऑगस्टच्या रात्री, खवळलेल्या समुद्रात आणि काळोखात, ‘मॅडॉक्स’ आणि तिच्या सोबतच्या ‘टर्नर जॉय’ या दोन विनाशिकांनी आपल्यावर पुन्हा हल्ला होत असल्याचे कळवले. काही तासांतच तेथील अधिकारी कॅप्टन जॉन हेरिक यांची तार आली : घडलेल्या प्रकाराचा फेरविचार करता अनेक नोंदी संशयास्पद वाटतात, हवामानामुळे रडारवर उमटलेल्या खुणा आणि सोनारवर बसलेल्यांचा अतिउत्साह हे कारण असावे, पुढचे पाऊल उचलण्यापूर्वी सर्व गोष्टींची नीट छाननी करावी. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा ४ ऑगस्टची दुपार होती. ती दुपार मॅक्नामारा यांनी दूरध्वनीवर काढली. हल्ला झालाच का, याची ते खात्री करून घेत होते असे त्यांनी पुढे सांगितले, आणि तसे त्यांनी विचारलेही. परंतु त्याच वेळी प्रतिहल्ल्याची सिद्धता चालू होती आणि रात्री केनेडी यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन्सन दूरदर्शनवरून राष्ट्राला संबोधित करणार हे ठरत चालले होते. अशा वेळी खात्री करून घेणारा माणूस कोणत्या उत्तराची वाट पाहत असतो, हे वेगळे सांगायला नको.

तीन दिवसांनी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव संमत केला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. या ठरावाच्या बळावर पुढे लाखो सैनिक पाठवले गेले. ठरावापूर्वी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना मॅक्नामारा यांना विचारण्यात आले होते की दक्षिण व्हिएतनामी नौका याच किनाऱ्यावर जे छापे घालत होत्या त्यांच्याशी या विनाशिकांचा काही संबंध होता का. आमच्या आरमाराचा त्यात काही भाग नव्हता आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती, असे त्यांनी ठामपणे सांगितले. ते छापे अमेरिकेच्याच गुप्त योजनेचा भाग होते आणि ती योजना त्यांना ठाऊक होती. माझ्या मते त्यांच्यावरचा दोष येथे पक्का होतो. ४ ऑगस्टच्या हल्ल्याबाबत त्यांचा समज चुकीचा होता असे फार तर म्हणता येईल, पण समितीपुढची ही साक्ष दिशाभूल करणारी होती. विरोधात मत देणाऱ्या दोघांची नावे नोंदवून ठेवण्यासारखी आहेत : वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग. १९६८ च्या निवडणुकीत दोघांनीही आपल्या जागा गमावल्या.

प्रश्न : मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. मॅक्नामारा यांच्यामुळे आमच्या विषयाची बदनामी झाली असे मला वाटते. दोष आकड्यांचा होता की माणसांचा? (एक प्राध्यापक)

आपली व्यथा समजते. दोष मोजणीचा नव्हता, काय मोजायचे ते ठरवण्याचा होता. ज्या युद्धात आघाडीची रेषा नाही, जिंकलेला प्रदेश रात्री पुन्हा शत्रूकडे जातो, तेथे प्रगती दाखवायची कशी? मग ठार झालेल्या शत्रुसैनिकांची संख्या हे माप ठरले. जितके मारतो तितके त्यांना नव्याने उभे करता येणार नाहीत अशी एक वेळ येईल आणि तेथे युद्ध संपेल, असा हा हिशेब. वरून आकडा मागितला जाऊ लागला की खालून तो पुरवला जातो. प्रेतांमध्ये शेतकरी कोण आणि सैनिक कोण हे पाहिले गेले नाही, एकच प्रेत दोन तुकड्यांनी मोजले, आणि ज्याचा आकडा मोठा त्या अधिकाऱ्याची बढती लवकर, अशी रीत पडली. आपण वर्गात शिकवत असाल त्या भाषेत सांगायचे, तर नमुना घेणाऱ्यालाच निष्कर्षाचे बक्षीस मिळत होते.

जनरल एडवर्ड लॅन्सडेल या जाणकार अधिकाऱ्यांनी सांगितलेली एक हकीकत आहे. व्हिएतनाममध्ये काय काय मोजावे याची यादी मॅक्नामारा पेन्सिलीने कागदावर करत होते. लॅन्सडेल यांनी यादी पाहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिली असे सांगितले. कोणती? तेथल्या लोकांना काय वाटते, ती. त्या गोष्टीला रकाना नव्हता. जे मोजता येत नाही ते महत्त्वाचे नाही, आणि शेवटी ते अस्तित्वातच नाही, असे मानण्याच्या चुकीला पुढे मॅक्नामारा यांचेच नाव पडले. १९७० च्या दशकापासून ते व्यवस्थापनाच्या आणि वैद्यकाच्या लिखाणातही आढळते.

याच संदर्भात एक कमी बोलली जाणारी योजना सांगितली पाहिजे. १९६६ साली सैनिक कमी पडू लागल्यावर त्यांनी भरतीच्या बौद्धिक चाचणीची पातळी खाली आणली, आणि एरवी नापास ठरले असते अशा दरवर्षी एक लाख तरुणांना सैन्यात घेण्याचे ठरवले. गरीब मुलांना शिस्त आणि कौशल्य मिळेल, ती दारिद्र्यातून वर येतील, असे त्याचे समर्थन होते, आणि मॅक्नामारा यांचा त्यावर मनापासून विश्वास असावा. १९७१ पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक मुले या वाटेने आली. कबूल केलेले शिक्षण त्यांतल्या फार थोड्यांना मिळाले. अनेकांची रवानगी थेट पायदळात झाली आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांहून जास्त राहिले. संपन्न घरांतली मुले महाविद्यालयांत नावे घालून भरती टाळत होती, त्याच वर्षांत हे घडत होते. टॉन्किनबद्दल मॅक्नामारा यांनी पुढे खूप लिहिले. या मुलांबद्दल मात्र त्यांच्याकडून असे सविस्तर लिखाण आले नाही, आणि ते मला खटकते.

प्रश्न : युद्ध जिंकता येणार नाही हे त्यांना आतून कळले होते म्हणतात. मग त्यांनी राजीनामा का दिला नाही? (अनेक वाचक)

सर्वाधिक पत्रे या प्रश्नाची आहेत आणि माझ्याही मते सगळे प्रकरण येथेच येऊन थांबते.

कधी कळले, हे प्रथम पाहू. नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांग खोऱ्यात अमेरिकन तुकड्या आणि उत्तर व्हिएतनामचे नियमित सैन्य यांची पहिली मोठी लढाई झाली. चार दिवसांत दोनशेहून अधिक अमेरिकन सैनिक पडले. मॅक्नामारा महिनाअखेरीस दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावला गेले, आणि परतल्यावर त्यांनी अध्यक्षांना दिलेल्या टिपणांत स्पष्ट लिहिले की मागितले तेवढे सैन्य पाठवले तरी यशाची हमी नाही. महिन्याला एक हजार अमेरिकन मृत्यू अपेक्षित धरावे लागतील. आणि १९६७ उजाडेल तेव्हा याहून मोठ्या पातळीवर पुन्हा अनिर्णित अवस्थेत असण्याची शक्यता निम्मी आहे. इतके लिहून खाली शिफारस केली ती सैन्य वाढवण्याचीच. हा कागद मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा माझे मन सुन्न होते. या युद्धात ५८,००० हून अधिक अमेरिकन मृत्युमुखी पडले आणि त्यांतील बहुतेक सर्व मृत्यू या टिपणानंतरचे आहेत. व्हिएतनामी मृतांची गणती तर लाखांनी करावी लागते; तेथील सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या अंदाजात अकरा लाख सैनिक आणि वीस लाखांपर्यंत नागरिक धरले आहेत.

त्याच महिन्याच्या आरंभी, २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, नॉर्मन मॉरिसन नावाच्या क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या तरुणाने पेंटॅगॉनच्या आवारात मॅक्नामारा यांच्या खिडकीसमोर स्वतःला पेटवून घेतले. सोबत त्याची वर्षाचीही न झालेली मुलगी होती, ती वाचली. या घटनेने आपण हादरलो, पण ते सारे मनात कोंडून ठेवले आणि घरच्यांशीसुद्धा बोललो नाही, असे मॅक्नामारा यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. घरातही मुलगा युद्धाच्या विरोधात होता.

मे १९६७ मध्ये त्यांनी जॉन्सन यांना आणखी एक टिपण दिले. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्र एका लहानशा मागास देशाला नमवण्यासाठी आठवड्याला हजार निःशस्त्र माणसे मारते किंवा गंभीर जखमी करते, हे चित्र काही शोभणारे नाही, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. जूनमध्ये त्यांनी या युद्धातील निर्णयांची सर्व कागदपत्रे गोळा करण्याचा आदेश दिला. तो अभ्यास ४७ खंडांचा झाला, आणि डॅनियल एल्सबर्ग यांनी तो १९७१ मध्ये वृत्तपत्रांच्या हाती दिल्यावर ‘पेंटॅगॉन पेपर्स’ म्हणून जगाला माहीत झाला. ऑगस्टमध्ये सिनेटच्या समितीपुढे, बंद दाराआड, त्यांनी सांगितले की केवळ बाँबफेकीने उत्तर व्हिएतनाम शरण येणार नाही. १ नोव्हेंबरला त्यांनी बाँबफेक थांबवण्याचा आणि सैन्यवाढ गोठवण्याचा प्रस्ताव अध्यक्षांपुढे ठेवला. जॉन्सन यांनी त्याला उत्तरच दिले नाही. महिनाअखेर जाहीर झाले की मॅक्नामारा जागतिक बँकेचे अध्यक्ष होणार. मी राजीनामा दिला की मला काढले, हे मला आजही माहीत नाही, असे ते पुढे म्हणत.

आता राजीनाम्याविषयी. त्यांचा स्वतःचा युक्तिवाद असा की मंत्र्याला जो अधिकार असतो तो अध्यक्षांकडून आलेला असतो. त्याला मतदारसंघ नाही, तो कोणाचा प्रतिनिधी नाही, त्यामुळे बाहेर पडून अध्यक्षांविरुद्ध बोलणे हा घटनात्मक विश्वासघात ठरेल. संसदीय पद्धतीत मंत्री राजीनामा देऊन मागच्या बाकावरून बोलू शकतो. अमेरिकेत तसा बाक नाही, हे खरे. परंतु हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. मॅक्नामारा यांच्याच हाताखाली पेंटॅगॉनमध्ये उपमंत्री असलेले सायरस व्हान्स पुढे परराष्ट्रमंत्री झाले. इराणमधील ओलिसांना सोडवण्यासाठी सैन्य पाठवायचे ठरले, तेव्हा एप्रिल १९८० मध्ये त्यांनी मतभेदामुळे राजीनामा दिला, आणि त्याने कोणतीही घटना मोडली नाही. शिवाय प्रश्न पद सोडण्याचा कमी, बोलण्याचा अधिक आहे. १ मार्च १९६८ पासून ते मंत्री नव्हते. युद्ध त्यानंतर सात वर्षे चालले, आणि त्या सात वर्षांत, त्यानंतरची वीस वर्षेही, त्यांनी व्हिएतनामवर जाहीरपणे तोंड उघडले नाही. पदावर असताना गप्प राहण्याला निष्ठा हे कारण देता येते. पद गेल्यावर ते कारण उरत नाही.

माणूस म्हणून त्यांची अवस्था काय झाली होती हे २८ फेब्रुवारी १९६८ च्या समारंभात दिसले. व्हाइट हाउसमध्ये जॉन्सन यांनी त्यांना सर्वोच्च नागरी सन्मान दिला. उत्तरादाखल मॅक्नामारा उभे राहिले आणि त्यांना बोलता येईना. मनात आहे ते सांगायला शब्द सापडत नाहीत, पुन्हा केव्हातरी उत्तर देईन, एवढेच ते कसेबसे म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेंटॅगॉनमधील निरोपाला अध्यक्ष आले, तर दोघेही लिफ्टमध्ये काही मिनिटे अडकून पडले, आणि बाहेर कवायत भर पावसात झाली.

प्रश्न : जागतिक बँकेतील त्यांचे काम हे प्रायश्चित्त मानायचे का? (एक वाचक)

प्रायश्चित्त हा शब्द त्यांनी स्वतः मान्य केला नाही, तेव्हा तो आपणही त्यांच्यावर लादू नये. काम मात्र मोठे होते. १९६८ साली बँक वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलरची कर्जे देत असे. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा हा आकडा बारा अब्जांच्या पुढे गेला होता. १९७३ मध्ये नैरोबी येथील भाषणात त्यांनी बँकेचा रोख धरणे आणि वीजकेंद्रे यांच्याकडून लहान शेतकऱ्याकडे वळवला. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या माशीमुळे पसरणाऱ्या अंधत्वाविरुद्धची मोहीम १९७४ मध्ये सुरू झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. आंधळ्या माणसाची काठी धरून पुढे चालणाऱ्या मुलाचा पुतळा बँकेच्या वॉशिंग्टनमधील मुख्यालयात आहे तो याच मोहिमेचा. आक्षेपही खरे आहेत : अधिक कर्ज म्हणजे अधिक विकास हे पुन्हा आकड्यांचेच गणित झाले, इंडोनेशियातील सुहार्तो यांच्यासारख्या हुकूमशहांनाही पैसा गेला, आणि अनेक देश त्या ओझ्याखाली वाकले.

व्हिएतनाम मात्र त्यांच्या मागे मागे आले. नोव्हेंबर १९६८ मध्ये ते बँकेचे अध्यक्ष म्हणून कलकत्त्याला आले, तेव्हा निदर्शने इतकी उग्र होती की त्यांना विमानतळावरून हेलिकॉप्टरने हलवावे लागले.

प्रश्न : १९९५ मध्ये त्यांनी चूक कबूल केली. ती कबुली स्वीकारावी असे आपल्याला वाटते का? (एक माजी सैनिक)

आपण सैन्यात सेवा केलेली आहे, त्यामुळे या प्रश्नावर माझ्यापेक्षा आपला अधिकार मोठा आहे. मला वाटते ते सांगतो.

एप्रिल १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी लिहिले की आम्ही चुकलो, भयंकर चुकलो. त्यावर अमेरिकेत संतापाची लाट उसळली. तिथल्या एका प्रमुख दैनिकाने अग्रलेख लिहून, ज्या सैनिकांच्या जिवावर हे झाले त्यांचे ऋण इतक्या उशिराच्या पश्चात्तापाने फिटत नाही, असे बजावले. तो राग न्याय्य होता. शिवाय कबुलीतही एक उणीव होती. त्यांनी चुकांची यादी केली ती बहुतांशी समजुतीच्या आणि अंदाजाच्या चुकांची; हेतूबद्दल ते निःशंक राहिले. साक्षीतील दिशाभूल आणि नंतरचे मौन यांचा हिशेब त्यांनी पुरता मांडला नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्या सरकारमधील बहुतेकांनी शेवटपर्यंत इतकेही केले नाही. मॅक्नामारा वयाच्या ७९ व्या वर्षी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, हनोईला गेले आणि जे एकेकाळचे शत्रू होते त्यांच्यासमोर बसले. व्हिएतनामचे माजी परराष्ट्रमंत्री न्ग्युएन को थाक यांच्याशी तर त्यांची हातघाईवर येण्याइतकी वादावादी झाली. तुम्ही चीनचे प्यादे होता असे आम्ही समजत होतो, या मॅक्नामारा यांच्या म्हणण्यावर, तुम्ही कधी इतिहासाचे पुस्तक उघडले नाही का, चीनशी आम्ही हजार वर्षे लढत आलो आहोत, असे थाक यांनी सुनावले. हा प्रसंग मॅक्नामारा यांनी स्वतःहून जगाला सांगितला, त्यात स्वतःची बाजू सावरून घेण्याचा प्रयत्न न करता. तो सांगणाऱ्या माणसाला मी पूर्ण क्षमा करू शकत नाही, पण त्याच्याकडे पाठही फिरवू शकत नाही.

त्याच भेटीत ते युद्धकाळातील उत्तर व्हिएतनामचे सेनानी जनरल व्हो न्ग्युएन ज्याप यांना भेटले आणि त्यांनी विचारले की ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री नेमके काय झाले होते. काहीही झाले नव्हते, असे ज्याप म्हणाले. हे उत्तर मिळवायला मॅक्नामारा यांना ३१ वर्षे लागली. तसा संशय कॅप्टन हेरिक यांनी त्याच दुपारी तारेने कळवला होता.